वऱ्हाडी वाटसरूची शिदोरी

प्रांताचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य तह, लढाया आणि सारावसुली यांची नोंद करतो. वाटसरूच्या फडक्यात काय बांधलेले होते, हे तो क्वचितच विचारतो. वस्तुतः त्या फडक्याची गाठ सोडली असता समाजाचे अंतरंग जितके उघडे पडते, तितके दरबारी कागदांतूनही पडत नाही. आमच्या वऱ्हाडच्या शिदोरीविषयी चार शब्द लिहावयाचे ते याच हेतूने.

अमरावती-अकोल्याकडच्या शिदोरीत मुख्य मान ज्वारीच्या भाकरीचा. सोबत मिरचीचा ठेचा, जवसाची चटणी आणि कांदा असला की दिवस निभे. वाट लांबची असेल तर पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवून दशम्या करीत. त्या मऊ राहत. सातूच्या पिठाला तर विस्तवाचीही गरज नसे. पाणी आणि गूळ मिळाला की जेवण तयार. मुक्काम पडला म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणकेचे रोडगे भाजीत आणि वांग्याच्या भाजीबरोबर खात.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांवर लादून थेट मिर्झापुरापर्यंत जाई. अशा वाटेवर शिदोरी हा केवळ पोटाचा प्रश्न होता. पुढे १८५३ साली निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धाने येथील कापसास सोन्याचा भाव आणला. आणि १८६७ साली लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचला. आठवड्यांची वाट तासांवर आली. आता शिदोरीचे प्रयोजन संपावयास हवे होते; परंतु ते संपले नाही. असे का व्हावे?

याचे उत्तर दशमीतच आहे. दुधात भिजविलेले अन्न प्रवासात विटाळत नाही, अशी सोवळ्याची समजूत होती. म्हणजे शिदोरी भुकेइतकीच परक्या हाताच्या भयानेही बांधली जात होती. आगगाडी सर्वांना एका डब्यात बसवी. पण स्टेशनावर हिंदूंचे पाणी निराळे आणि मुसलमानांचे निराळे असे.

आणि ज्यांना यांपैकी कोणतेच पाणी मिळत नसे, त्यांचे काय? वऱ्हाडाबाहेरची, पण अवघ्या महाराष्ट्राची एक हकीकत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेविली आहे. १९०१ साली ते व घरातील इतर मुले साताऱ्याहून वडिलांकडे निघाली. मसूर स्टेशनापासून पुढे बैलगाडीचा प्रवास होता. जवळ खाण्याचे जिन्नस मुबलक होते. पण जातीमुळे वाटेत कोणी पाणी देईना. अन्न जवळ असूनही मुले उपाशी निजली. शिदोरीचा इतिहास लिहिणाऱ्याने या एका रात्रीपुढे क्षणभर थांबलेच पाहिजे.

याच वऱ्हाडात निराळी परंपराही नव्हती असे नाही. तेराव्या शतकात रिद्धपूरचे गोविंदप्रभू मनास येईल त्या घरी शिरून जेवीत. चक्रधरस्वामींनी शिष्यांस चारही वर्णांच्या दारी भिक्षा मागण्यास सांगितले. शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेमहाराज तर हातातील मडक्यावरूनच ओळखले गेले. मिळेल ते त्यातच खावे. त्यांनी ठिकठिकाणी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. त्यांपैकी पंढरपूरच्या धर्मशाळेस चोखामेळ्याचे नाव दिले, यातले मर्म वाचकांच्या ध्यानी येईलच.

आम्ही शिकावयास अकोल्याहून पुण्यास निघालो, तेव्हा आमच्या आजीने दुधातल्या दशम्या बांधून दिल्या होत्या. आम्ही तो निव्वळ मायेचा भाग समजलो. माया होतीच, परंतु त्या फडक्याच्या गाठीत आणखीही काही बांधलेले होते, हे उमजावयास आम्हांस पुष्कळ वर्षे लागली. दशमीची चव आम्ही विसरू इच्छीत नाही. मात्र ती गाठ सोडल्यावर शेजारच्या प्रवाशापुढे एक घास व तांब्याभर पाणी ठेवावयास आम्ही शिकलो की नाही, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी ताडून पाहावे.