अंगणातले पेव्हर ब्लॉक : कोटेशनमध्ये दराआधी थर बघा

बेळगाव : पावसाळा सरला की अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायची कामे सुरू होतात. दोन-तीन गुत्तेदारांची कोटेशन येतात, कमी दर बघून काम दिले जाते. पुढच्या पावसाळ्यात ब्लॉक खचतात आणि पाणी दारात येते. डोळ्यांना ब्लॉक दिसतो, पण काम टिकते ते खालच्या थरावर.

समजा, अंगण 30 बाय 20, म्हणजे 600 चौरस फूट. एकाचा दर 60 रुपये, दुसऱ्याचा 90. पहिल्याच्या 36,000 रुपयांत फक्त ब्लॉक, कच आणि मजुरी. खोदाई व माती उचलणे 7,000, खडीचा थर 9,000, कडेचा 70 फूट कर्ब 4,200 असे 'एक्स्ट्रा' धरले की बिल 56,200 वर जाते. दुसऱ्याचे सगळे धरून 54,000. महाग कोण, ते इथे कळते.

कोटेशनवर लिहून घ्यायच्या गोष्टी :

ब्लॉक : जाडी आणि ग्रेड. चालण्यापुरते 50 मि.मी. चालतात, कार लावायची असेल तर 60 मि.मी., एम-35. मालाची गाडी आत येत असेल तर 80 मि.मी. ब्लॉकचे भारतीय मानक आयएस 15658 आहे.

खालचा थर : दाबून झाल्यावर 4 इंच खडी-मुरूम म्हणजे 600 चौरस फुटांना 200 घनफूट, अर्थात 2 ब्रास. दाबल्यावर माल बसतो, त्यामुळे आणताना जास्तच लागतो. काळी माती असेल तर ती जास्त खोल काढून थर वाढवावा लागतो. त्यावर कच एक ते दीड इंच.

उतार : 10 फुटांना साधारण अडीच इंच, घरापासून बाहेर. पाणी कुठे सोडणार तेही लिहावे.

मोजमाप : मालाचा ब्रास 100 घनफूट, कामाचा ब्रास 100 चौरस फूट. यात घोळ होतो. तुळशी वृंदावन, विहिरीची जागा वजा करून, काम झाल्यावर प्रत्यक्ष मोजूनच बिल द्यावे. जीएसटी धरून की वेगळा, हे आधीच ठरवावे.

पैसे टप्प्याने द्यावेत. खडीचा थर दाबल्यावर खोली स्वतः मोजावी, मगच ब्लॉक लावू द्यावेत. शेवटचा हप्ता देण्याआधी अंगणात पाइपने पाणी सोडून बघावे. डबके साचले तर ते तेव्हाच दुरुस्त करून घेता येते.