इंटरनेट, सामाजिक परिणाम (भारत)

ब्रॉडबँड व मोबाइल इंटरनेटच्या प्रसाराने भारतातील व्यवहार, शिक्षण, संवाद व नागरी हक्क यांत घडलेले बदल. सार्वजनिक इंटरनेट सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. प्रसार मात्र मुख्यतः मोबाइलवरून झाला, विशेषतः २०१६ नंतर डेटा स्वस्त झाल्यावर. त्याच वर्षी आलेल्या यूपीआयमुळे भाजीवालेही क्यूआर कोडवर पैसे घेऊ लागले. करोनाकाळातील ऑनलाइन वर्गांत स्मार्टफोन नसलेल्या घरांतील मुले मागे पडली (पहा : डिजिटल दरी). मुले पळवणाऱ्या टोळीच्या, व्हॉट्सॲपवरून पसरलेल्या अफवेतून १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने भटक्या समाजातील पाच जणांना ठार केले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात संदेश पुढे पाठवण्यावर मर्यादा जाहीर केली (पहा : अफवा). अनिश्चित काळाची इंटरनेटबंदी अनुज्ञेय नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दिला.