माग, मिल आणि माणसे : सोलापूरच्या स्थलांतराचा मागोवा

माणूस गाव सोडतो तो केवळ पोटासाठी, असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः पोट हे एक कारण झाले. कर्ज, जात, रेल्वे आणि आधी गेलेल्या आप्तांचा आधार ही कारणे त्याच्या जोडीला असतातच. सोलापूर नगरीचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

१८६० साली रेल्वे सोलापुरास पोहोचली आणि कापसाच्या या बाजारपेठेचा मुंबईशी थेट संबंध जडला. त्याच दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव कडाडले व युद्ध संपताच कोसळले. भाव चढले तेव्हा घेतलेले कर्ज भाव उतरल्यावर फिटेना. १८७५ साली सुपे येथून पसरलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी मारवाडी व गुजराती सावकारांची खतपत्रे जाळली. त्यात आपलेही व्यापारी बांधव होते, हे मान्य केले पाहिजे. १८७९ च्या कायद्यानंतर शेतीकर्ज देणे अधिक जोखमीचे झाले आणि खेड्यातील सावकारी पेढीपेक्षा शहरातील कापड व सुताचा व्यापार अनेकांना बरा वाटू लागला. कुळाबरोबर सावकारालाही गाव सुटले ते असे.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने उरलेला धीर संपविला. नेमक्या त्याच काळात, १८७७ मध्ये, सोलापूरची पहिली कापड गिरणी सुरू झाली. लोक तिला पुढे ‘जुनी मिल’ म्हणू लागले. निजामाच्या मुलखातील तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. गिरणीच्या स्वस्त कापडाने गावचा माग बसविला होता. येथे मात्र गिरणीचेच सूत हातमागास मिळत होते. व्यापारी सूत देई, विणकर लुगडे आणून देई. मधली उचल मात्र वहीत वाढत राही. या उचलीमुळे शहरात येणे सोपे झाले, परतणे अवघड झाले. पुरुष मागावर बसला की कांड्या भरण्याचे काम घरातील स्त्रिया करीत. पुढे विडी वळण्याचे कामही त्यांच्याच वाट्यास आले. शहराच्या पूर्व भागात तेलुगू आजही घरोघरी ऐकू येते.

गावकुसाबाहेरच्यांना शहर म्हणजे बलुतेदारीतून सुटका वाटे. परंतु शहरानेही जात सोडली नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याची दारे त्यांना बंद होती. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, हे त्याचे कारण सांगितले जाई! मजुरी अधिक असे ती याच खात्यात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुनी मिल बंद पडली. नंतर इतर गिरण्याही गेल्या. यंत्रमागावरच्या चादरी व टॉवेल यांनी काही हातांना काम दिले, सर्वांना नव्हे. ज्या शहराकडे एकेकाळी दुष्काळी गावे धावत आली, तेथील तरुण आता शिक्षण व नोकरीसाठी पुण्याची गाडी धरतात, आणि पेठेतील कित्येक जुन्या दुकानांत गल्ल्यावर वडीलच बसलेले दिसतात.