शाळामास्तरांची पाणबुडी

आर्किमिडीजचे तत्त्व शिकवताना पाणबुडीचे उदाहरण आपण सगळेच देतो. टाकीत पाणी घेतले की पाणबुडी खाली जाते, पाणी बाहेर काढले की वर येते, एवढे सांगून पुढच्या मुद्द्याकडे वळतो. पण एवढ्यानेच काम भागले असते, तर भरवशाची पाणबुडी तयार व्हायला १९वे शतक संपत का यावे लागले? तत्त्व तर दोन हजार वर्षांपासून माहीत होते. मग अडचण कुठे होती, आणि ती बलाढ्य आरमाराऐवजी एका शिक्षकाच्या छोट्या उद्योगाने कशी सोडवली, ते या लेखात पाहू.

जॉन फिलिप हॉलंड यांचा जन्म १८४१ साली आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील लिस्कॅनर गावी झाला. वडील ब्रिटिश तटरक्षक दलात नोकरीला होते. मुलाची दृष्टी मात्र अधू होती, त्यामुळे समुद्रावरच्या नोकरीचे दार बंदच होते. १८५८ पासून ते शाळेत शिकवू लागले. आयर्लंड तेव्हा ब्रिटनच्या ताब्यात होते आणि ब्रिटनचे खरे बळ होते त्याचे आरमार. या आरमाराला पाण्याखालून गाठता येईल का, या विचाराने त्यांना पछाडले. १८७३ साली ते अमेरिकेला गेले. बोस्टनमध्ये बर्फावरून घसरून त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी आपले जुने आराखडे पुन्हा तपासून पाहिले. पुढे न्यू जर्सी राज्यातील पॅटरसन या गावी ते पुन्हा शाळेत शिकवू लागले.

पाणबुड्या त्यापूर्वीही झाल्या होत्या. १७७६ साली अमेरिकेत ‘टर्टल’ नावाची एका माणसाची पाणबुडी वापरून पाहण्यात आली. अमेरिकन यादवी युद्धात, १८६४ साली, ‘हनली’ या पाणबुडीने एक युद्धनौका बुडवली. पण आतली माणसेही परत आली नाहीत. या दोन्ही पाणबुड्या माणसांच्या हातांनी दांडा फिरवून चालत. म्हणजे पाण्याखाली चालणारी शक्ती हा एक प्रश्न होता. दुसरा प्रश्न तोलाचा होता, आणि तो अधिक अवघड होता.

पाणबुडीचे वजन आणि उत्प्लावक बल अगदी सारखे केले, तर ती पाण्यात तरंगत राहील असे आपल्याला वाटते. पण मग जरासे वजन वाढले तरी ती बुडत जाते, जरासे घटले तरी वर येऊ लागते. शिवाय टाकी अर्धवट भरलेली असली, तर आणखी एक घोटाळा होतो. वर्गात हा प्रयोग सहज करता येईल. एक बाटली पाण्याने काठोकाठ भरा, दुसरी अर्धी भरा. दोन्ही आडव्या धरून किंचित कलंडवा. अर्ध्या बाटलीतले पाणी झटकन एका टोकाला धावते आणि बाटलीचा गुरुत्वमध्य बदलतो. पाणबुडीत नेमके हेच झाले की तिचे नाक खाली जाई, पाणी पुढे धावे आणि नाक आणखी खाली जाई.

हॉलंड यांचे उत्तर साधे होते. बुडी मारताना मुख्य टाक्या पूर्ण भरायच्या, म्हणजे पाणी हिंदकळणार नाही आणि गुरुत्वमध्य जागचा हलणार नाही. वजन उत्प्लावक बलापेक्षा किंचित कमीच ठेवायचे. मग खाली जायचे कसे? शेपटीजवळच्या आडव्या सुकाणूने. पाणबुडी पुढे चालत असताना हे सुकाणू वळवले की ती मासा सूर मारतो तशी खाली जाते. इंजिन थांबले तर आपोआप वर येते. आतल्या माणसाच्या दृष्टीने हा केवढा दिलासा!

हे एका रात्रीत सुचले नव्हते. १८७५ साली त्यांनी अमेरिकन आरमाराकडे आराखडा पाठवला. तो अव्यवहार्य ठरवून परत आला. मग पैसा आला तो आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी अमेरिकेत झटणाऱ्या गुप्त संघटनेकडून. १८७८ साली सुमारे सव्वाचार मीटर लांबीची पहिली पाणबुडी पसेइक नदीत सोडली, आणि ती सोडताच बुडाली! वर काढून, दुरुस्त करून हॉलंड पुन्हा तिच्यात बसले. तिचे इंजिन चालेना, तेव्हा शेजारच्या बोटीतून नळीने वाफ पुरवून चाचण्या घेतल्या. १८८१ साली दुसरी, तिघांना घेऊन जाणारी १९ टनांची पाणबुडी तयार झाली. तिच्यावर दोन वर्षे प्रयोग चालले. पुढे पैशांवरून भांडणे झाली आणि १८८३ च्या नोव्हेंबरात संघटनेच्याच लोकांनी ती पळवून नेली. त्यांना ती चालवता मात्र आली नाही.

१८९३ साली हॉलंड यांनी वकील मित्राच्या मदतीने स्वतःची कंपनी काढली. १८९५ साली आरमाराने अखेर कंत्राट दिले, पण आपल्या अटींवर. पाण्याच्या पृष्ठभागावर जोरात पळता यावे म्हणून वाफेचे इंजिन हवे होते. बंद नळकांड्यात बॉयलर! ‘प्लंजर’ नावाची ही पाणबुडी आतून भट्टीसारखी तापे, आणि तिचा नाद शेवटी सोडावा लागला. हा अनुभव येत असतानाच हॉलंड यांनी ठरवले की एक पाणबुडी आरमाराच्या अटींविना, कंपनीच्या पैशांनी बांधायची.

तीच ‘हॉलंड ६’. १७ मे १८९७ रोजी ती न्यू जर्सीतील एलिझाबेथ येथील गोदीत पाण्यात उतरली. लांबी सुमारे १६ मीटर. पृष्ठभागावर चालताना ४५ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन; पाण्याखाली विद्युतघटमालेवर चालणारी मोटर. इंजिनाला हवा लागते, मोटरला लागत नाही. त्यामुळे शक्तीचा प्रश्नही सुटला. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली आणि १९९२ साली नौदलात दाखल झालेली ‘शल्की’ याच जोडीवर चालते. फक्त पेट्रोलच्या जागी डिझेल आले.

अमेरिकन आरमाराने ती ११ एप्रिल १९०० रोजी दीड लाख डॉलरना विकत घेतली. तिच्यावर कंपनीचा खर्च दोन लाखांहून अधिक झाला होता. एवढा तोटा शाळामास्तरांच्या कंपनीला झेपणारा नव्हताच. विद्युतघटांच्या व्यवसायातले आयझॅक राइस पैसा घेऊन आले आणि १८९९ साली ‘इलेक्ट्रिक बोट’ ही नवी कंपनी उभी राहिली. हॉलंड यांची एकस्वे तिच्याकडे गेली. १९०४ साली त्यांनी राजीनामा दिला, नवी कंपनी काढू पाहिली, तेव्हा जुन्या कंपनीने त्यांना न्यायालयात खेचले. स्वतःच्याच शोधावर त्यांचा हक्क उरला नव्हता. इलेक्ट्रिक बोट मात्र वाढत गेली. १९५४ साली ‘नॉटिलस’ ही पहिली अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी तिनेच पाण्यात सोडली.

ब्रिटनविरुद्ध योजलेले हे शस्त्र १९०१ साली ब्रिटननेही परवाना घेऊन स्वतःसाठी बांधले. हॉलंड १२ ऑगस्ट १९१४ रोजी वारले, तेव्हा पहिले महायुद्ध सुरू होऊन दोनच आठवडे झाले होते. २२ सप्टेंबरला एका जर्मन पाणबुडीने दीड तासाच्या आत तीन ब्रिटिश क्रूझर बुडवल्या. १,४५९ माणसे मेली. शोधाची किंमत मोजताना हा आकडाही विसरून चालणार नाही.

लहान उद्योगाकडे पैसा कमी असतो. पण चुकण्याची, आणि चूक पाहून आराखडा बदलण्याची मोकळीक असते. ‘प्लंजर’ला ती नव्हती, ‘हॉलंड ६’ला होती. ही मोकळीक टिकवायला पैसा कोणी द्यायचा? अमेरिकेने १९८२ साली यासाठी कायदाच केला. बाहेरून करवून घेतलेल्या संशोधनावर वर्षाला १० कोटी डॉलरहून अधिक खर्च करणाऱ्या सरकारी खात्यांनी त्यातला ठरावीक वाटा लहान उद्योगांसाठी राखून ठेवायचा, असे ठरले. संरक्षण खातेही त्यात आले. आधी थोड्या पैशांत कल्पना तपासायची, टिकली तर नमुना बांधायला मोठी रक्कम द्यायची, अशी पद्धत घातली गेली. पॅटरसनच्या मास्तरांना १८७५ साली एवढेच हवे होते.

त्यांच्या पहिल्या दोन्ही पाणबुड्या आज पॅटरसनच्या संग्रहालयात आहेत. पाणबुडीचे उदाहरण पुन्हा वर्गात येईल, तेव्हा टाकीतल्या पाण्याबरोबर सोडताच बुडालेल्या त्या पहिल्या पाणबुडीचीही गोष्ट मुलांना जरूर सांगावी, असे आम्हांला वाटते.