राख आणि चुना

घोडबंदरचा किल्ला मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला १७३७ साली. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट निघाले १८२४ साली. म्हणजे त्या भिंती चुन्यावरच उभ्या राहिल्या. रोमन लोक तर चुन्यात ज्वालामुखीची राख कालवून समुद्रात धक्के बांधीत. राखेतली सिलिका चुन्याशी संयोग पावते नि मिश्रण दगडासारखे घट्ट होते. १९६२ साली पुऱ्या झालेल्या रिहांद धरणाच्या काँक्रीटमध्येही कोळशाची राख घातली होती.

मग उत्तनच्या डोंगरावर साचलेला कचरा जाळून तसेच का करू नये? करावे की, पण जपून. कचऱ्याच्या राखेत क्षार असतात, शिसे असते. क्षार सळईला गंज आणतात. राख आधी धुवावी, तपासावी. अन् ते धुवण मात्र कोळ्यांच्या समुद्रात सोडू नये!