शब्दकोडे : ज्ञान आणि जुगार

शब्दकोडे जन्मले २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात. जनक आर्थर विन. आपल्याकडे त्याला बक्षिसाचे आमिष जोडले गेले. फी भरायची आणि उत्तर पाठवायचे. परंतु चालकाने आधीच ठरविलेल्या उत्तराशी जुळेल तेच बरोबर! मग ज्ञान राहिले कोठे? १९५५ च्या कायद्याने महिन्याची बक्षिसे हजार रुपयांवर रोखली. १९५७ साली चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असला जुगार हा व्यापार नव्हे, असे ठरविले; खऱ्या कौशल्याच्या स्पर्धा मोकळ्या राहिल्या.

‘मीठ पिकते ती जागा, चार अक्षरी’ : भाईंदरचा कामगार चटकन ‘मिठागर’ लिहील. ही जाण त्याची कमाई आहे. ती पणाला का लावावी?