चीजचें ताट आणि दुधाचा हिशेब

आश्विनांतील पौर्णिमेस चार स्नेह्यांना गच्चीवर बोलावून आटीव दूध देण्याची आपली रीत आहे, आणि त्या दुधाचा हिशेब कोणी मांडीत नाहीं. युरोपांतहि याच ऋतूंत मंडळी दुधाभोंवतीं जमतात. मात्र तें दूध चीज होऊन लांकडी फळीवर येतें. गेल्या वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत स्वित्झर्लंडांतील लोझान येथें एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं अशा मेजवानीचा योग आला. फळीवर चार जातींचें चीज मांडलें होतें. कडेला नास्पती, अक्रोड आणि काळीं द्राक्षें होतीं. गारठलेल्या चीजला ना वास ना चव, म्हणून यजमानानें तें तासभर आधींच थंड कपाटांतून काढून ठेविलें होतें. सौम्याकडून उग्राकडे जावें असा त्या मांडणीचा क्रम होता. खिडकींतून खालीं सरोवर दिसत होतें. पलीकडच्या तीरावर सॅव्हॉयचे डोंगर, पाठीमागें ज्युराची रांग आणि पूर्वेस आल्प्स. फळीवरील चारहि चीजें या डोंगरांतूनच आलेलीं होतीं. इतिहास शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला, त्याला अशा ठिकाणीं चवीआधीं जमाखर्च दिसूं लागतो, त्याला इलाज नाहीं.

शरद ही या मुलुखांत दुधाची सुगी आहे. उन्हाळ्यांत गुरें उंचावरील कुरणांत नेतात. तेथें गवत उदंड, पण गांव दूर. रोजचें दूध खालीं आणणें पूर्वीं शक्यच नव्हतें. तेव्हां जें टिकेल आणि खांद्यावरून किंवा खेचरावरून उतरवितां येईल असें त्याचें रूप करणें भाग होतें, तें रूप म्हणजे चीज. सप्टेंबरांत गुरें उतरतात आणि त्यांच्याबरोबर सबंध उन्हाळा खालीं येतो. बर्न प्रांतांत थून सरोवराच्या वरच्या बाजूस युस्टिसटाल नांवाचें खोरें आहे. तेथें दर सप्टेंबरांत ‘खेस्टायलेट’, म्हणजे चीजची वाटणी, होते. उन्हाळाभर तयार झालेलीं चक्रें कोठारांपुढें गवतावर रचून सारखे ढीग करितात आणि ज्याच्या गाईंनीं जितकें दूध दिलें त्या मानानें, चिठ्ठ्या टाकून, ते मालकांना मिळतात. मग गाईंना फुलांनीं सजवून खालीं नेतात. ऑस्ट्रिया व बव्हेरियाकडे अशी चाल आहे कीं, कुरणावर एखादें जनावर दगावलें असेल तर त्या वर्षीं कळपाला फुलें बांधावयाचीं नाहींत. मित्रमंडळींत चीज वाटून खाण्यास आज आपण आतिथ्य म्हणतों. पण त्याच्या मुळाशीं ही वाटणी आहे, आणि वाटणी ही स्नेहाची नव्हे, हक्काची गोष्ट होती.

ज्युराच्या फ्रेंच बाजूकडील ‘कोंते’ नांवाच्या चीजवरून हें अधिक स्पष्ट होतें. याचें एक चक्र चाळीस किलोंच्या आसपास भरतें आणि त्याला सुमारें ४०० लिटर दूध लागतें. जुन्या काळच्या शेतकऱ्याच्या गोठ्यांत चार-पांच गाई. त्याला एवढें दूध एका दिवसांत कोठून मिळावें? आणि लहान चक्र केलें तर तें हिंवाळाभर टिकत नाहीं. म्हणून गांवानें दूध एकत्र करावयाचें. अशा भागीदारीस तिकडे ‘फ्रुइत्येर’ म्हणतात. तिचे उल्लेख तेराव्या शतकापासूनच्या कागदांत सांपडतात. पुढें पुष्कळ गांवीं पाळीची पद्धत होती: आज सर्वांनीं आपलें दूध एकाच्या घरीं न्यावें, त्या दिवसाचें चक्र त्याचें, उद्यां दुसऱ्याचें. कोणाचें किती दूध उसनें आलें याची नोंद लांकडी काठीवर खांचा पाडून ठेवीत. आपल्याकडील भिशी ज्यांनीं चालविली आहे त्यांना यांतील सारे रुसवेफुगवे न सांगतां समजतील. चार्ल्स फूर्ये हा समाजवादी विचारवंत १७७२ सालीं याच मुलुखांतील बझांसों गांवीं जन्मला. मनुष्यांनीं मिळून राहावें आणि मिळून काम करावें असा जो भव्य आराखडा त्यानें रचला, त्यांत चीजसाठीं दूध एकत्र करणाऱ्या ज्युराच्या शेतकऱ्यांचा दाखला तो देतो. त्याच्या कल्पनेंतील वसाहती बहुतेक मोडल्या. खेड्यांतील हीं चीजघरें मात्र आजहि चालूं आहेत. कल्पनेपेक्षां काठीवरच्या खांचा अधिक टिकाऊ ठरल्या, असें मला वाटतें.

परंतु सगळाच हिशेब सरळ होता असें नाहीं. समोरच्या तीरामागील तोन खोऱ्यांतून आलेलें ‘रब्लोशों’ हें मऊ चीज चोरींतून निपजलें, असें परंपरा सांगते. मध्ययुगांत कुरणाचा धनी दुधाच्या मानानें खंड घेई आणि त्यासाठीं एके दिवशीं दूध मोजावयास माणूस पाठवी. त्या दिवशीं गुराखी गाय पुरती पिळीतच नसे. मोजणारा गेला कीं पुन्हां कांसेखालीं बसून उरलेलें दूध काढी. पान्हा गाय चोरते असें आपण म्हणतों. येथें तो गुराखीच चोरीत होता. गंमत अशी कीं, शेवटच्या धारांत स्निग्धांश सर्वांत अधिक असतो. म्हणजे धन्याच्या वांट्याला पातळ दूध गेलें आणि साय गुराख्याच्या घरीं राहिली. चीजचें नांवहि दुसऱ्यांदा दूध काढणें या अर्थाच्या तिकडील बोलींतील क्रियापदावरून पडलें आहे. खंड वसूल करणाऱ्याची मुळींच कींव येत नाहीं, हें मीं येथें कबूल करितों.

तिसरें ‘लेतिव्हा’. त्याबद्दल एवढेंच सांगावयाचें कीं, कारखानी पद्धतीनें ग्रुयेर चीजचा कस उतरूं लागला असें वाटून आल्प्समधील कांहीं कुटुंबें वेगळीं निघालीं व १९३२ सालीं त्यांनीं आपली सहकारी संस्था काढली. तें अद्यापि चुलीवर लांकडें जाळून, १० मे ते १० ऑक्टोबर याच मुदतींत करितात.

चौथें ‘व्हाश्रँ मों दोर’. तेंच खरें शरदाचें चीज. दिवस लहान झाले, गाई गोठ्यांत आल्या, दूध आटलें. आतां मोठ्या चक्रापुरतें दूध जमेना. मग घरच्या घरीं लहान, मऊ चीज करावें आणि तें पसरूं नये म्हणून स्प्रूसच्या सालीची पट्टी त्याच्याभोंवतीं गुंडाळावी. म्हणजे ज्या पदार्थाची आज शरद येतांच वाट पाहतात, तो तुटवड्यांतून जन्मला! सालीचा राळेसारखा वास त्यांत उतरतो आणि तें चमच्यानें वाढावें लागतें. फ्रान्स आणि स्वित्झर्लंड या दोघांचाहि त्यावर दावा आहे. १८७१ सालीं बुर्बाकी या सेनापतीचें पराभूत फ्रेंच सैन्य सरहद्द ओलांडून स्वित्झर्लंडांत आश्रयास आलें, त्यांतील एका शिपायानें ही कृति आणली अशी दंतकथा आहे. पण सरहद्दीच्या स्विस बाजूस तें त्यापूर्वींच करीत असत, त्यामुळें त्या बिचाऱ्या शिपायाला श्रेय देतां येत नाहीं.

या चीजच्या इतिहासांत एक काळें पानहि आहे. १९८३ ते १९८७ या काळांत व्हो प्रांतांत व आसपास लिस्टेरिया जंतूंमुळें एक रोग पसरला व तीसांहून अधिक माणसें दगावलीं. शोध घेतां घेतां त्याचें मूळ याच चीजपर्यंत पोंचलें आणि १९८७ च्या अखेरीस त्याची विक्री थांबवावी लागली. त्यानंतर स्विस बाजूस तें तापविलेल्या दुधाचें करूं लागले. फ्रेंचांनीं कच्चें दूध सोडलें नाहीं.

त्या रात्रीं यजमानानें प्रत्येकाच्या बशींत चारहि वाढलीं, तेव्हां माझ्या पत्नीनें हळूच विचारलें, “दूध कशानें विरजतात रे?” त्यानें लपवाछपवी केली नाहीं. “काकू, या चारहींत वासराच्या जठरांतला रस असतो. १९९० नंतर त्याच्याऐवजीं सूक्ष्म जंतूंकडून तयार करविलेला पदार्थ पुष्कळ ठिकाणीं वापरतात, पण हीं जुन्या चालीचीं आहेत.” तिनें बशी माझ्याकडे सरकविली. मीं ती घेतली, हें सांगितलें पाहिजे.

मेजाच्या दुसऱ्या टोकाला शेजारच्या एक वृद्ध बाई बसल्या होत्या. व्हाश्रँची पेटी फिरत त्यांच्यापर्यंत आली आणि त्यांनीं ती न उघडतांच पुढें दिली. मीं पाहत आहें असें दिसतांच त्या इतकेंच म्हणाल्या, “सत्त्याऐंशीपासून नाहीं.” मग त्यांनीं एक नास्पती घेतली, तिच्या फोडी केल्या आणि बशी माझ्या पत्नीपुढें धरली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. अक्रोड फोडण्याचा चिमटा मात्र बराच वेळ त्या दोघींतच फिरत होता.